आयव्हीएफसाठी शारजाला जायचंय, पतसंस्थेतून रजा कशी मांडू?

वाशिष्ठीकाठची
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ३६, लग्नाला ९ वर्षं झाली. चिपळूणला एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, आम्ही एकूण १४ जणं. मिस्टर शारजाला असतात, वर्षातून एकदा ३० दिवस येतात. इथे दोन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते) झाले, दोन्ही फेल. आता डॉक्टर म्हणतायत वेळ घालवू नका, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) १.१ आलाय, कमी आहे, सरळ आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबी) जा.

मिस्टरांचं म्हणणं तूच इकडे ये, इथेच करू. माझी हक्काची रजा २६ दिवस शिल्लक आहे आणि किरकोळ ५. मार्चचा विषयच नाही (मार्च एंडिंगला आमच्याकडे आजारी पडायलाही परवानगी लागते), एप्रिलमध्ये ऑडिटवाले येऊन बसतात, म्हणून मे धरलाय, पण मे मध्ये सगळ्यांनाच रजा हवी असते, लग्नं, आंबे, घरी मुंबईकर आलेले. तर साहेबांना आत्ताच "१ मे ते २६ मे" असा अर्ज देऊन ठेवला तर पुरेल का? आणि कारण काय लिहू? चिपळूण केवढंसं ते तुम्हाला माहितीये, सकाळी अर्ज दिला की संध्याकाळी मच्छी मार्केटात कुणीतरी विचारणार, काय गं, काय म्हणाले डॉक्टर. सासूबाईंनाही अजून काही बोललेलो नाही.

शारजावाली
ताई मी मूळची दापोलीकडची, ११ वर्षं इथे आहे आणि इथेच दोन सायकल (आयव्हीएफच्या फेऱ्या) केल्यात म्हणून सांगते. पहिली गोष्ट, १ मे ते २६ मे असं लिहून देऊ नका. यात तारीख साहेब ठरवत नाहीत, तुम्हीही ठरवत नाही, पाळी ठरवते. समजा तुमची पाळी ९ मे ला आली, तर आधीचे ८ दिवस नुसते मॉलमध्ये फिरण्यात गेले ना.

साधारण हिशोब असा की पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्कॅन करून इंजेक्शनं सुरू होतात, ती १० ते १२ दिवस चालतात, मध्ये दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, कधी रक्त, मग फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) बरे वाढले की ट्रिगरचं, म्हणजे बीजं पिकवायचं शेवटचं इंजेक्शन देतात आणि बरोबर ३४ ते ३६ तासांनी एग पिकअप करतात, म्हणजे बीजं बाहेर काढतात. ट्रिगर रात्री ११ ला सांगितला तर ११ लाच घ्यायचा, तिथे चालढकल नाही. पिकअप गुंगीत होतं, १५-२० मिनिटांचं काम, पण तो दिवस आणि दुसरा दिवस पोट जड राहतं. त्यानंतर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, आणि ट्रान्सफरनंतर १२-१४ दिवसांनी बीटा एचसीजीची रक्ततपासणी, दिवस राहिले का ते बघायला. म्हणजे पाळीपासून ट्रान्सफरपर्यंत २० दिवस धरा आणि रिझल्टपर्यंत ३३-३४. रिझल्टची तपासणी चिपळूणला कुठल्याही लॅबमध्ये होते, त्यासाठी इथे थांबायची गरज नाही. म्हणून पाळीच्या अंदाजाच्या दोन-तीन दिवस आधी इथे पोचलात तर २६ दिवसांत बसतं. पाळी अनियमित असेल तर गोळ्या देऊन तारीख थोडी मागेपुढे आणतात, ते तिथल्या डॉक्टरांशी बोला, स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पण खरी अडचण वेगळीच येते. कधीकधी ट्रान्सफर त्याच महिन्यात करत नाहीत, पोटात पाणी होण्याचा धोका असला किंवा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलं तर सगळे भ्रूण फ्रीज करून पुढच्या महिन्यात बोलावतात. माझं पहिल्या वेळी असंच झालं, मी तर इथेच राहते म्हणून चाललं. तुम्हाला परत यावं लागेल.

आणि मॅरेज सर्टिफिकेट!! ते अटेस्टेड नसेल तर इथलं क्लिनिक फाईलच उघडत नाही. आधी मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास, मग इथे आल्यावर मोफा (यूएईचं परराष्ट्र खातं). रजेचा अर्ज नंतर, हे काम आजच लावा.

गुहागरचा_खलाशी
मी बोटीवर असतो, मर्चंट नेव्ही, सहा-सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. आमचंही हेच रामायण झालंय म्हणून बोलतोय, राग नसावा. ताई तुम्ही शारजाला का जाताय ते परत एकदा विचार करा. या सगळ्यात बाईला दोन-तीन आठवडे हजर राहावं लागतं आणि बाप्याला एक दिवस, पिकअपच्या दिवशी. तोही नको असेल तर सॅम्पल आधी फ्रीज करून ठेवता येतं. मी जॉईन व्हायच्या आधी मुंबईत सॅम्पल देऊन, दोघांच्या तपासण्या आणि संमतीपत्रावर सह्या करून गेलो, पिकअप झालं तेव्हा मी ब्राझीलच्या किनाऱ्यावर होतो. मिस्टर येतील त्या ३० दिवसांत हे सगळं उरकता येतं, मग बाकीचं तुम्ही तुमच्या सोयीने.

दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही. भ्रूण जिथे फ्रीज होतील तिथेच पुढची प्रत्येक रजा जाणार. २०१५ साली आपल्या सरकारने बाहेरून मानवी भ्रूण आणायला बंदी घातली, फक्त संशोधनाची सूट ठेवली. इथून बाहेर स्वतःचे भ्रूण न्यायचे तरी २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणे राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. म्हणजे शारजात चार भ्रूण राहिले आणि पहिला प्रयत्न फसला, तर ते चार डब्यात घालून कोकणकन्येने आणता येणार नाहीत. परत विमान, परत व्हिसा, परत साहेबांच्या पाया पडा. शिवाय तिकडचा खर्च इथल्यापेक्षा बराच जास्त, आणि मिस्टरांचा कंपनीचा साधा इन्शुरन्स असेल तर त्यात बहुतेक हे नसतंच, विचारून घ्या.

लोटे_एचआर
लोट्यात एका केमिकल कंपनीत एचआर बघते, रोज असे अर्ज हातातून जातात. रजेचं बोलते फक्त.

आयव्हीएफसाठी म्हणून खाजगी नोकरीत वेगळी रजा नाही, हे आधी डोक्यात घ्या. मॅटर्निटीचे २६ आठवडे बाळंतपणाचे, ते यात वापरता येत नाहीत. देव न करो पण गर्भपात झाला तर ६ आठवडे पगारी मिळतात, आणि गरोदरपणामुळे आजारपण आलं तर महिनाभर जास्त मिळू शकतो, हे दोन्ही कायद्यात आहे, १९६१ च्या कायद्यातही होतं आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. बऱ्याच ऑफिसांना माहीतच नसतं, त्यामुळे मागावं लागतं. मॅटर्निटीसाठी अट अशी की बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, म्हणून बिनपगारी रजा सहा-सहा महिने लांबवत बसू नका.

हक्काच्या रजेचं म्हणाल तर दुकाने व आस्थापना कायदा २०१७ (आधी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा जास्त), २० दिवस कामामागे १ दिवस, ४५ पर्यंत साठते, किरकोळ वर्षाला ८. तुम्ही १४ जणं, म्हणजे आता तुमच्या संस्थेचे सेवानियम काय म्हणतात तेच बघावं लागेल, एकदा सेवानियमांची प्रत मागून घ्या, मागायला लाजू नका.

अर्ज असा करा: "वैद्यकीय उपचारासाठी मे महिन्यात अंदाजे २१ दिवस रजा हवी आहे, नेमक्या तारखा वैद्यकीय सल्ल्यानुसार आठवडाभर आधी कळवीन." बास. आयव्हीएफ शब्द लिहायची गरज नाही. डॉक्टरांचं पत्र मागितलं तर त्यात "स्त्रीरोगविषयक प्रक्रिया" एवढं लिहून घ्या, खोटं काहीच नाही त्यात. माझं मत, साहेबांना एकट्याला तोंडी खरं सांगा. तारीख ऐनवेळी सरकली की कारण माहीत नसलेला माणूस चिडतो, माहीत असलेला कर्जाच्या फायली दुसऱ्याकडे देऊन ठेवतो.

कुडाळची_बाई
लोट्याच्या ताईंचं बाकी सगळं पटलं, साहेबाला सांगायचं नाही पटलं. आमच्या शाळेत मी एकाच मॅडमला विश्वासाने सांगितलं, आठ दिवसात पालक विचारायला लागले. ज्याचा त्याचा अनुभव.

मी प्राथमिक शिक्षिका, दोन वेळा कोल्हापूरला केलं. बाय गो, माझा ऐक, रजा म्हणजे पावसाळ्यासाठी ठेवलेला सरपण, मे मध्येच सगळा जाळून मोकळा होव नको. पहिल्या वेळी मी काय केलं, ट्रान्सफर झाल्यावर २१ दिवस घरी पडून राहिले. आई म्हणाली हलू नको, सासू म्हणाली जिना उतरू नको, आंघोळ सुद्धा बसून. निगेटिव्ह आलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी खडसावलं की ट्रान्सफरनंतर झोपून राहण्याचा काही उपयोग नसतो, यावर अभ्यास झालेत, साधी कामं करा, जड उचलू नका. तिसऱ्या दिवशी शाळेत हजर झाले. त्यावेळी दिवस राहिले, पण आठव्या आठवड्यात रक्त जायला लागलं आणि तेव्हा खरीच विश्रांती सांगितली, तर खात्यात रजा नाही!! पहिल्या वेळची २१ दिवस उगाच गाद्यांवर गेली होती. अर्धपगारी काढून कसंबसं निभावलं. लेक आता चौथीत आहे.

बाकी तयारीचं सांगते. पहिल्या चार-पाच दिवसांची इंजेक्शनं मी कुडाळलाच घेतली, इथल्या डॉक्टरकडे सोनोग्राफी करून रिपोर्ट व्हॉट्सअपला पाठवायचे. सगळी क्लिनिकं असं करत नाहीत, पण विचारायला काय जातं, तेवढे दिवस वाचतात. इंजेक्शनं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत, आणि आमच्याकडे वारा सुटला की लाईट गेलीच. शेवटी मार्केटातून सुरमईचा थर्माकोलचा बॉक्स आणून, तीन वेळा धुवून, त्यात जेलपॅक. नवऱ्याने त्यावर मोठ्या अक्षरात "मासे नाहीत" लिहिलं होतं, नाहीतर सासऱ्यांनी उघडलाच असता.

आणि जून ते ऑक्टोबर नको. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, घाटात दरड, ट्रिगर झालाय आणि ३६ तासात पोचायचंय असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

वाशिष्ठीकाठची
बापरे, किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी. दोनदा वाचलं, एकदा ऑफिसच्या बाथरूममध्ये.

खलाशीदादा, तुमचं लॉजिक बरोबर आहे, राग अजिबात नाही. पण खरं सांगू का, दुसऱ्या आययूआयचा रिपोर्ट मला मुंबईहून येताना एसटीत फोनवर कळला. माणगावच्या पुढे कुठेतरी. शेजारी एक आजी होत्या, त्यांनी विचारलं बरं वाटत नाही का, मी म्हटलं गाडी लागते मला. त्यांनी लिंबू दिलं. मिस्टरांना फोन लावला तर ते ड्युटीवर, रात्री ११ ला बोललो. मला पिकअपच्या दिवशी सॅम्पल नकोय, माणूस हवाय. म्हणून शारजा. बाकी भ्रूण तिकडेच राहतात हे मला माहीतच नव्हतं, ते ऐकून मात्र पोटात गोळा आला.

गुहागरचा_खलाशी
ताई, समजलं. माझ्या बायकोनेही मला हेच ऐकवलं होतं, फक्त तिने लिंबाऐवजी दुसरं काहीतरी फेकून मारलं.

मग असं बघा. मिस्टरांनी यंदाची ३० दिवसांची सुट्टी मे मध्ये घेतली तर? तुमच्या पाळीच्या अंदाजाने तिकीट काढायचं. दोघं मुंबईत नातेवाईकांकडे नाहीतर कोल्हापूरला खोली घेऊन २० दिवस रहा. माणूस पण बरोबर, भ्रूण पण इकडे. उरलेल्या भ्रूणांसाठी परत जायला तुम्हाला आठवडाभर पुरेल, गर्भाशयाचं अस्तर वाढवायच्या गोळ्या घरीच चालू करतात, चिपळूणला स्कॅन, मग ट्रान्सफरला चार-पाच दिवस. २६ मधले २० आता, ६ नंतर, किरकोळ ५ हाताशी.

लोटे_एचआर
हा हिशोब चांगलाय. फक्त बऱ्याच ठिकाणी हक्काच्या रजेला किरकोळ जोडून देत नाहीत, ते आधी बघा.

शारजावाली
मला वाईट वाटलं पाहिजे का, मी एवढं अटेस्टेशन समजावलं 😄 पण दादा बोलतायत ते खरंय. मिस्टरांना सांगा कंपनीत आत्ताच बोला, मे मध्ये इथे पण सगळे सुट्टी मागतात. तरीही इथेच यायचं ठरलं तर एक बघा, सर्टिफिकेटवर आणि पासपोर्टवर नाव एकच आहे ना? माझं ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं, त्यात दीड महिना गेला.

वाशिष्ठीकाठची
आत्ता कपाटातून काढून बघितलं. पासपोर्टवर माहेरचं, दाखल्यावर सासरचं, आणि दाखल्यावर मिस्टरांच्या आडनावात एक वेलांटी चुकलेली. नऊ वर्षात कुणी उघडून वाचलंच नाही.

मिस्टरांशी रात्री बोलणं झालं. ते उद्या त्यांच्या साहेबाला मे चं विचारतायत, मी सोमवारी माझ्या साहेबांना. अर्ज लोट्याच्या ताईंनी सांगितला तसाच. तोंडी काय सांगायचं ते त्यांच्या केबिनचं दार लागतं की नाही त्यावर ठरवीन.

कुडाळच्या ताई, तो थर्माकोलचा बॉक्स नक्की कशाने धुतला होता? वास गेला का पूर्ण?

कुडाळची_बाई
कोकमाचं आगळ चोळून ठेवलं अर्धा तास, मग साबण, मग दोन दिवस उन्हात. नव्वद टक्के गेला. उरलेला दहा टक्के आम्हाला वास वाटत नाही, तुम्हाला वाटला तर नवीन घ्या.