मदत हवी आहे: नाशकात कोथिंबीर, टोमॅटो नेमकं कधी लावायचं?

नमस्कार मंडळी, मी पाथर्डी फाट्याला राहते, गच्चीवर सकाळचं ऊन चांगलं येतं, कुंड्या तयार आहेत, माती आणि शेणखत मिक्स करून ठेवलंय, आता फक्त कधी काय पेरू ते सांगा. पाऊस अजून पूर्ण उघडला नाहीये, दुपारी ढग भरून येतात आणि धो धो ओततो, त्यामुळे धने आत्ता टाकले तर कुजतील का? सासूबाई म्हणतात दसरा होऊदे मग टाक. मेथी काय, तीन-चार दिवसांत वर येते, पण कोथिंबिरीला 8-10 दिवस लागतात, धने रगडून दोन फाकी केल्या तरी, आणि उन्हाळ्यात तर वीतभर व्हायच्या आत फुलावर येते, म्हणून थंडीच हवी असं माझं मत.

टोमॅटोचं खरं कन्फ्युजन आहे. बी आत्ता ट्रेमध्ये टाकलं तर महिन्याभरात रोपं लावण्याजोगी होतील, पण पुढे डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा इतका उतरतो की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, शहरात तेवढं नसलं तरी त्या गारठ्यात फळ धरतं का? की सरळ नर्सरीतून तयार रोपं आणून लवकर लावू?

पुदिन्याच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवल्यात, पांढरी मुळं फुटलीत, त्या पावसातच लावून टाकू ना?

नाशिकवाल्यांनीच सांगा प्लीज, कोकणातलं टाइमटेबल इकडे नाही चालत. आणि हो, पालक कुठल्या महिन्यापर्यंत पेरत राहता येतो?