गुरांना टॅगची सक्ती गोव्यात नको

सत्तरीकर

शेजारी महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून कानात नंबराचा पिवळा टॅग नसलेल्या गुरांची खरेदी-विक्री बंद आहे. वाहतूक बंद, सरकारी दवाखान्यात उपचार बंद. विजेचा धक्का बसून, पुरात वाहून किंवा वाघाने मारून जनावर गेलं तरी टॅग नसेल तर भरपाई नाही. मागच्या आठवड्यात इथेच दोघा-तिघांनी लिहिलं की गोव्यातही असाच नियम हवा. म्हणून हा धागा.

टॅगला माझा विरोध नाही, लसीला तर मुळीच नाही. माझ्या म्हशींच्या कानात टॅग आहेत. माझा विरोध आहे तो टॅग नाही म्हणून उपचार नाही, या जोडणीला. आमच्या गावठी गायी रानात चरतात. करवंदीच्या जाळीत कान अडकला की टॅग तुटतो, कधी कानही फाटतो. पावसाळ्यात त्या जखमेत आळ्या पडतात आणि त्याचा उपचार करायला जावं तर पहिला प्रश्न टॅग कुठे आहे! नवा मारून घ्यायचा तर डॉक्टर येईपर्यंत वाट बघा. आले तर मोबाईलला रेंज नाही, म्हणून नंबराची नोंद अर्धवट.

मोठ्या गोठ्यात गुरं बांधलेली असतात, तिथे माणसं कामाला असतात, टॅग पडला तर संध्याकाळी कळतं. दोन-चार गुरं असलेल्याचं तसं नसतं. नियम दोघांना सारखा, भुर्दंड मात्र एकालाच.

निवृत्त_पशुवैद्य

सत्तरीकर, तुमची अडचण खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकतोय.

केंद्राने 2019 मध्ये लाळ-खुरकूत आणि ब्रुसेला (गाय गाभडवणारा, म्हणजे गर्भपात करणारा रोग) या दोन रोगांसाठी 13,343 कोटींचा कार्यक्रम हाती घेतला. बारा आकडी टॅगची मोहीम त्याला जोडूनच जोरात चालली. लाळ-खुरकुताची लस सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे कोणाला दिली, कोणाला राहिली हे वहीवर सांभाळता येत नाही. ब्रुसेलाचं तर आणखी अवघड. ती लस पाडी (मादी वासरू) चार ते आठ महिन्यांची असताना एकदाच टोचतात. पुढे कधी रक्त तपासलं तर लस टोचलेली गायसुद्धा चाचणीत रोगी निघू शकते. अशा वेळी हिला लस झाली होती की हिला खरंच ब्रुसेला आहे, हे त्या नंबरावरच्या नोंदीशिवाय मी कसं ठरवू? हा रोग माणसालाही होतो. कच्च्या दुधातून, गाभडलेल्या गाईची वार हाताने काढताना. महिनोन् महिने ताप येतो-जातो आणि निदान होत नाही. गोठ्यात काम करणारीच माणसं यात आधी सापडतात, पर्वरीच्या फ्लॅटमधली नव्हे.

नोंद नसली की काय होतं ते 2001 मध्ये ब्रिटनने पाहिलं. त्यांच्याकडे गुरांना पासपोर्ट, म्हणजे एकेका जनावराच्या नोंदीचे कागद होते, पण मेंढ्यांना एकेकटी ओळख नव्हती. लाळ-खुरकूत मेंढ्यांच्या बाजारांतून देशभर गेली. 60 लाखांहून जास्त जनावरं मारली, त्यात निरोगी किती होती याचा विचार करा.

ऐच्छिक ठेवलं तर जो काळजी घेणारा आहे तोच टॅग मारून घेईल. रोग येणार दुसऱ्याकडून.

पर्वरीवाला

फ्लॅटमधल्यांना मध्ये आणलंत म्हणून लिहितो. पावसाळ्यात रात्री महामार्गावरून दुचाकी चालवून बघा. वळणावर काळी गुरं बसलेली असतात, कारण डांबर कोरडं आणि डास कमी. माणसं मरतात हो! सकाळी दूध काढून घ्यायचं आणि गाय रस्त्यावर सोडायची. अपघात झाला की ती कोणाचीच नसते. टॅग सक्तीचा करा, नंबर टाकून मालक शोधा, दंड ठोका. एका पावसाळ्यात रस्ते मोकळे होतील. यात लहान-मोठा शेतकरी कुठे आला?

सत्तरीकर

पर्वरीवाला बाब, माझी भीती तुम्हीच लिहून दाखवलीत. डॉक्टर म्हणतात टॅग रोगासाठी. तुम्ही म्हणता दंडासाठी. उद्या टॅग पाहून नोटीस येते हे एकदा गावात पसरलं की लस टोचायला आलेल्या डॉक्टरला कोण गोठ्यात घेईल? आणि जो गाय सोडून द्यायच्या बेतात आहे तो आधी टॅग कापेल. कात्रीने कापला जातो तो. मग रस्त्यावर ज्या टॅगवाल्या गुरांचे मालक सापडतील, ते कोण असतील? ज्यांची गाय चुकून सुटली ते.

मोकाट गुरांसाठी पंचायतीचे कोंडवाडे होते, कायदाही आहे. ते चालवायला कोणी नाही म्हणून टॅगवर भार नको.

गोठेवाली_डिचोली

मी टॅगच्या बाजूने आहे. संकरित गायी आहेत, दूध सोसायटीला घालते. गाईचा विमा काढायचा तर टॅग लागतो, गाय मेली तर दावा मांडताना टॅग हजर करावा लागतो. हे विमेवाल्यांचं जुनंच आहे, सरकारच्या सक्तीच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे सत्तरीकर दादा, तुमच्या करवंदीच्या जाळीची गोष्ट विमेवाल्यांना सांगून काही उपयोग होत नाही, मी सांगून पाहिली आहे.

पण माझी वेगळी तक्रार आहे. सगळ्या गायी नोंदल्या नवऱ्याच्या नावावर. टॅग मारायला आले तेव्हा मी शेण काढत होते, त्यांनी विचारलं घरचे मालक कुठे आहेत, आणि ज्याचा मोबाईल नंबर मिळाला त्याचं नाव पडलं. चारा-पाणी, धारा, विताना रात्र जागणं सगळं माझं. नवरा नोकरीला. आता लसीचा मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि तो संध्याकाळी मला सांगतो, सांगायला विसरला नाही तर. नाव बदलायला गेले तर म्हणे आधी हस्तांतर दाखवा. नवऱ्याकडून गाय विकत घेतली असं दाखवू का आता?

सक्ती करणारे आणि सक्तीला विरोध करणारे, दोघेही शेतकरी म्हणजे पुरुष असं धरूनच भांडताय.

केपेकर

सक्ती आली की लहानाला जास्त जाच, हे फक्त आपल्याकडचं नाही. 2003 च्या डिसेंबरात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मॅड काऊ या मेंदूच्या रोगाची पहिली गाय सापडली. पुढच्या वर्षी तिथल्या कृषी खात्याने देशभर ओळख योजना मांडली: आधी जागेची नोंद, मग जनावराला नंबर, मग 48 तासांत माग काढायची सोय. एकत्र जन्मून एकत्रच कत्तलखान्यात जाणाऱ्या जनावरांच्या अख्ख्या गटाला एक नंबर चालत होता. कोंबड्या-डुकरांच्या कंपन्यांची गोष्ट तिथेच मिटली. ज्याच्याकडे चार तऱ्हेची दहा जनावरं, त्याला मात्र प्रत्येकाला वेगळा नंबर. केंद्राने योजना ऐच्छिक म्हटली, पण विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी जागेची नोंद सक्तीची केली. आमिश लोक, म्हणजे जुन्या पद्धतीने शेती करणारा तिथला ख्रिस्ती पंथ, तर धर्माच्या आधारावर विरोधात उभे राहिले. बायबलमध्ये सैतानी श्वापदाची खूण अंगावर असल्याशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही असं भाकीत आहे, त्या खुणेशी त्यांनी हा नंबर जोडला. हसू नका, आपल्याकडे देवाच्या नावाने सोडलेला वळू कोणाच्या मोबाईल नंबरावर नोंदवणार ते आधी सांगा.

2010 च्या फेब्रुवारीत ती योजना गुंडाळली.

निवृत्त_पशुवैद्य

केपेकर, गोष्ट अर्धी सांगितलीत. 2013 मध्ये राज्याबाहेर जाणाऱ्या गुरांसाठी ओळखीचा नियम आलाच. आणि 5 नोव्हेंबर 2024 पासून त्यातल्या ठरावीक गुरांना, म्हणजे दुभत्या जातीची आणि दीड वर्षावरची न खच्ची केलेली, इलेक्ट्रॉनिक टॅग लागतो. विरोध जिंकला असं दिसलं, पण रोग तसाच राहिला म्हणून नियम परत आला.

केपेकर

पण बघा ना डॉक्टर, आला तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. घरच्या परसात दूध देणाऱ्या गाईला नाही. मला तोच फरक हवाय. चोर्ला घाटातून किंवा बांद्याहून जे जनावर आत येतं त्याला टॅग पाहिजेच, बिनटॅगचं परत पाठवा. जे गावात जन्मलं, गावातच चरतं, गावातच मरणार, त्याला समजावून टॅग मारा. दवाखान्याचं दार बंद करू नका.

धनगरवाड्यावरून

तुम्ही सगळे रस्ता आणि बाजार बोलताय. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावली इथे वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले. विष घातलं होतं, वाघाने गुरं मारल्याच्या रागातून. जे झालं ते वाईटच. पण मेलेल्या जनावराची भरपाई लगेच हातात पडली असती तर कोणी विषाकडे गेला असता का? आता टॅग नाही तर भरपाई नाही हा महाराष्ट्राचा नियम इथे आणा म्हणता. म्हशी आमच्या रात्री रानातच असतात. वाघाने मान धरल्यावर कान टॅगसकट मिळेलच याची हमी कोण देणार?

सत्तरीकर, मी तुमच्याही पूर्ण बाजूने नाही. आमच्या म्हशी कागदावर कधीच नव्हत्या. वनखात्याचा माणूस विचारतो तुझ्या म्हशी कुठल्या, कधीपासून, तेव्हा दाखवायला काही नसतं. कानातल्या नंबरावर माझं नाव असेल तर मला तो हवा आहे. फक्त भरपाईसाठी पंचनामा चालू द्या. आणि त्याच नंबरावरून उद्या रानात शिरल्याचा गुन्हा नोंदवणार नाही, हे लिहून द्या.

पर्वरीवाला

म्हणजे फायदा देणारा नंबर हवा, जबाबदारी टाकणारा नको. छान.

धनगरवाड्यावरून

तुमच्या गाडीचा नंबर पाहून इस्पितळ उपचार नाकारतं का?

निवृत्त_पशुवैद्य

हे मात्र बरोबर आहे. आजारी जनावर दारात आलं तर टॅग नसताना मीही कधी परत पाठवलं नाही. आधी सुई, मग टॅग, त्याच फेरीत. नियमात हेच लिहायला काही हरकत नसावी. तुटलेला टॅग फुकट बदलून देण्याची जबाबदारी खात्याची आणि त्याला मुदत, हेही लिहा. पण सीमेवर आणि विक्रीच्या वेळी सूट नको, यावर मी ठाम आहे.

सत्तरीकर

सीमेवर सूट नको, मान्य. पण गावातल्या गावात शेजाऱ्याला पाडी देताना सक्ती नको. चवथीच्या (गणपतीच्या) तोंडावर पैशाची नड असते, माणूस त्याच दिवशी गाय देऊन मोकळा होतो. तेव्हा नंबर नावावर करून घ्यायला त्याने कुठे धावायचं?

गोठेवाली_डिचोली

हे तर माझंच झालं. डॉक्टर, ते हस्तांतराचं कोणाकडे जाऊन करायचं ते जरा सांगा. दवाखान्यातले म्हणतात टॅग नोंदवायच्या ॲपवर, आणि ॲप त्यांच्याच फोनमध्ये आहे.