चिकटलेले फोटो ओढू नका
वर कुणीतरी लिहिलंय की कॉलेजचे फोटो जुन्या चिकट पानांच्या अल्बमला धरून बसलेत, तर ते ओढून काढू नका हां, माझा ट्रिपचा ग्रुप फोटो असाच गेला, अर्धे चेहरे प्लॅस्टिकलाच राहिले. आधी आहे तसाच पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (स्कॅनरमधलं बारकाव्याचं सेटिंग), आणि निगेटिव्ह सापडल्या तर सोनंच, त्यातून परत प्रिंट निघते. स्लॅमबुकाच्या पिना गंजायच्या आत काढा. फोटोमागे नावं लिहायची तर पेन्सिलने, हलक्या हाताने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. माझ्याकडे जर्नलच्या फाडलेल्या पानावरची एक चिठ्ठी आहे, ‘आज बंक?’ एवढंच. ती मात्र अजून स्कॅन नाही केली, घडीवर इतकी विरलीय की उलगडायचीच भीती वाटते.