चालताना गुडघ्याचा कोन: पट्ट्यातला सेन्सर पुरे की कॅमेऱ्यांची खोलीच हवी?

नडगीवाला: माझं मत: चाल तपासायला आता कॅमेऱ्यांची खोली लागत नाही. एक सेन्सर मांडीला, एक नडगीला. दोघांची दिशा कळली की मधला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. पाय उचलून पुढे टाकताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, टाच टेकून वजन झेलताना १५-२०. एवढा चढउतार सेन्सर आरामात पकडतो. खोलीत माणूस चार पावलं शहाण्यासारखी चालतो. जिन्यावर कसा चालतो ते तिथे कुठे दिसतं?

शंकेखोर: ‘दिशा कळली की’ म्हणालात, तिथेच पाणी मुरतंय. सेन्सरमधला जायरोस्कोप कोन मोजतच नाही, वळण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची बेरीज करत कोन काढायचा. सेकंदाला अर्ध्या अंशाची चूक धरा, मिनिटात ३० अंशांची घसरण. उभा माणूस बसायला निघालेला दिसेल!

नडगीवाला: कच्ची बेरीज आज कोण वापरतं? गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला आहे हे अ‍ॅक्सिलरोमीटर सांगतो, फिल्टर, म्हणजे दोन्ही मोजमापं जुळवणारं गणित, दोघांचं ऐकतो आणि घसरण आवरतो.

शंकेखोर: त्याने झुकाव सुधारेल. उभ्या अक्षाभोवतीच्या वळणाचं काय? गुरुत्वाकर्षणाला त्यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्रासारखा सेन्सर, घ्यावा तर आसपासच्या लोखंडाने तो भरकटतो.

पट्टेवाली: तुम्ही दोघं फिल्टरवर भांडताय, मी रोज पट्टे बांधते. माझं दुखणं वेगळंच आहे. गुडघ्याची बिजागरी कुठल्या दिशेला आहे हे सेन्सरला ठाऊक नसतं, ते आपण सांगायचं. मागे एका काकांचा गुडघा आलेखात दर पावलाला बाहेर झुकत होता, तोही नेमका वाकतानाच. समोर बघावं तर पाय सरळ. मांडीवरचा पट्टा पुढे सरकला होता, म्हणून वाकण्यातला थोडा भाग झुकण्याच्या खात्यात जमा होत होता. पट्टा पुन्हा बांधला, खुर्चीत बसवून पाय दहादा वर-खाली करायला लावला, त्यावरून बिजागरीचा अक्ष काढला. झुकणं जवळजवळ गेलं. तेव्हापासून वाकण्याचा आकडा मी मानते, नडगी स्वतःभोवती फिरते त्या पिळाचा कुणाला दाखवतही नाही.

शंकेखोर: म्हणजे अंगावर चिकटवायचे मार्कर (ठिपके) आणि ते टिपणारे कॅमेरेच बरे, असंच ना?

पट्टेवाली: मार्कर काय हाडाला चिकटवतात? तेही कातडीवरच. टाच आपटली की मांडीचं मांस थरथरतं, कॅमेरा तेच टिपतो. जागा नेमकी दिसते, पण कातडीची.

नडगीवाला: बरं, माझा दावा वाकण्यापुरताच ठेवतो. पण एकाच माणसाची या आठवड्याची चाल मागच्या आठवड्याशी ताडायला सेन्सर चालेल की नाही?

शंकेखोर: पट्टा दर वेळी त्याच जागी बसला तर!

पट्टेवाली: मी पेनाने खूण करून ठेवते. काका ती आंघोळीत घासून काढतात.