गरोदरपण आणि द्राक्षबागेतली फवारणी: कपडे मी धुवावेत का?

बागेतली_सून:
आम्ही दिंडोरी तालुक्यातले. मला तिसरा महिना चालू आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, त्यात पाऊस, त्यामुळे डावणीसाठी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) सारखा फवारा चालू आहे. घर बागेला लागूनच. फवारणीचा ब्लोअर फिरला की ओट्यावर वास येतो. ह्यांचे कपडे मीच धुते, कॉलरला पिवळसर पावडर बसलेली असते. सासूबाई म्हणतात, आम्हीपण ह्याच बागेत राबून पोरं वाढवली. बाळाला खरंच काही होतं का?

शिवार७७:
ताई, एवढं काही नसतं. हिरव्या त्रिकोणाचं औषध असेल तर बिनधास्त राहा.

निफाडची_माहेरवाशीण:
दादा, गरोदर बाईला असं सांगू नका, कळकळीने सांगते. डब्यावरचा त्रिकोण फक्त एवढंच सांगतो की औषध पोटात गेलं किंवा अंगावर पडलं तर लगेच किती विषारी. गर्भाबद्दल तो काहीच सांगत नाही. मॅन्कोझेब या डावणीवरच्या औषधाच्या पुड्यावर हिरवाच त्रिकोण असतो, आणि त्याच मॅन्कोझेबची मंजुरी युरोपने २०२० मध्ये संपवली. गर्भाला धोका आणि हार्मोनमध्ये ढवळाढवळ, ही त्यातली मोठी कारणं.

ताई, तुमच्या ह्यांच्या कॉलरवरची पावडर बहुतेक तीच असेल. ती शरीरात मोडली की ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो, तो थायरॉईडचं काम अडवतो. पहिले तीन-चार महिने बाळाची स्वतःची थायरॉईड जवळपास काम करत नाही, आईच्या हार्मोनवरच त्याचा मेंदू घडत असतो. म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, आणि घरातल्या सगळ्या पुड्या-बाटल्यांच्या लेबलांचे फोटो डॉक्टरांना दाखवा. नुसतं 'फवारणी असते' म्हटलं तर त्यांना काय कळणार?

थ्रिप्स-मिलीबग या किडींची औषधं वेगळी. त्यातली क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मज्जातंतूंवरच काम करतात. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायकांची लघवी तपासली, मग त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्या आयांमध्ये या औषधांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंशवाल्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. ही सरासरी आहे, तुमच्या बाळाचं भाकीत नाही. सासूबाईंची मुलं धडधाकट आहेत हेही खरंच, पण असे ५-७ गुण डोळ्यांना कुठे दिसतात?

धीर देणारी गोष्टही सांगते. अमेरिकेत घरात क्लोरपायरिफॉस मारणं २००१ च्या सुमारास बंद झालं, आणि न्यूयॉर्कमध्ये नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातलं त्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. संपर्क तुटला की फरक पडतो.

कपडे तुम्ही अजिबात धुवू नका. ह्यांनी बागेतल्या पाण्याच्या मोटारीपाशीच बदलावेत, अंघोळ करावी, आणि स्वतः वेगळ्या बादलीत धुवावेत. फवारा चालू असताना खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आत. विरळणीला (घडातले मणी कमी करायला), डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) जाऊ नका. पुढच्या छाटणीत वेलीच्या डोळ्यांना (काडीवरच्या कोंबांना) औषधाची पेस्ट लावायलाही नाही.

बागेतली_सून:
ह्यांना वाचून दाखवलं. कपड्यांचं लगेच मान्य केलं. पण मजूर मिळत नाहीत, विरळणीला बाया कमी पडतात. फवाऱ्यानंतर दोन दिवस थांबून गेले तर?

निफाडची_माहेरवाशीण:
नको. औषध पानावर आणि घडावर टिकून असतं, विरळणीत दिवसभर हात त्यातच. ह्यांना म्हणावं, यंदा मजुरी थोडी जास्त लागली तरी चालेल. आणि टीएसएचचा रिपोर्ट आला की इथे कळवा.