डॉक्टरांशी इंग्रजीत बोलण्याच्या सरावासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या आईला इंग्रजी वाचता येते. मात्र डॉक्टरांसमोर ती अडखळते. ताप, खोकला, चक्कर यांचे शब्द तिला पाठ आहेत. अडचण येते ती दुखणे ठणकणारे आहे, जळजळणारे आहे की टोचल्यासारखे, आणि ते केव्हापासून आहे, हे सांगताना. ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ यांसारखी वाक्ये सहज बोलता यावीत, औषधाची अ‍ॅलर्जी सांगता यावी, गोळी जेवणापूर्वी घ्यायची की नंतर हे विचारता यावे, यासाठी घरी सराव कसा घ्यावा? नुसत्या शब्दांच्या याद्या नकोत (त्या पुष्कळ मिळतात). प्रश्नोत्तरांच्या रूपातील, शक्यतो ऐकता येतील असे संवाद माहीत असल्यास कृपया सुचवावेत. डॉक्टर भराभर बोलू लागल्यास सावकाश सांगण्याची विनंती नम्रपणे कशी करावी, हेही कळवावे.