अनुभव धागा: ‘कुठल्या युनिव्हर्सिटीचे?’ हा कोरियन प्रश्न तुम्हाला कुठे भेटला?

भाची सोलला नोकरी करते. ती सांगत होती, ऑफिसात नवा माणूस आला की दोन दिवसांत त्याचं वय आणि त्याची युनिव्हर्सिटी सगळ्यांना ठाऊक झालेली असते. सोल नॅशनल, कोरिया आणि योनसे या तिघींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिकडे ‘स्काय’ म्हणतात. म्हणजे ही आभाळातली मंडळी, बाकीचे जमिनीवर. कॉलेजच्या नावामुळे माणसाला जी पत मिळते, तिला ‘हाकबॉल’ असा खास शब्दच आहे. तिकडे राहिलेल्या किंवा इथेच कोरियन साहेबांच्या हाताखाली काम केलेल्यांनी लिहा. पेपरात वाचलेलं नको, स्वतः पाहिलेलं.

चाकण, दुभाषी

पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात मी सहा वर्षं दुभाष्याचं काम केलं. एकदा सोलहून एक साहेब आले होते. आमचे प्लँट हेड त्यांच्याशी आणि ते यांच्याशी, दिवसभर अगदी अदबीने ‘आपण आपण’ चाललेलं. रात्री जेवताना कळलं की दोघंही कोरिया युनिव्हर्सिटीचे. पाहुण्यांनी लगेच हाकबॉन विचारला, म्हणजे प्रवेशाच्या सालाचे शेवटचे दोन आकडे. आमचे साहेब म्हणाले, “गूगू.” नव्याण्णव. पाहुणे हसले. “पालगू.” एकोणनव्वद.

पुढच्याच वाक्याला पाहुणे थेट ‘अरे तुरे’वर! आणि ज्यांची गाडी गेटातून आत आली की अख्खी लाइन सावरून उभी राहते, ते आमचे साहेब दोन्ही हातांनी ग्लास धरून, मान बाजूला वळवून प्यायले. वडीलधाऱ्यांसमोर तसंच प्यायचं असतं. टेबलावरचे आमचे मराठी एचआर मला खुणावतायत, काय झालं म्हणून. काय भाषांतर करणार? म्हटलं, “गाववाले निघाले.”

शेजारी क्वालिटीचे मॅनेजर बसले होते, तेही कोरियनच, पण दक्षिणेतल्या एका लहान कॉलेजचे. त्यानंतर तासभर ते शेगडीवरचं मटण उलटत राहिले. स्वतः खाल्लेलं मी तरी पाहिलं नाही.

आधी सोल, आता नाशिक

आम्ही देची-दोंगला भाड्याने राहायचो. क्लासवाल्यांची पंढरीच ती. क्लासला ‘हाकवॉन’ म्हणतात, आणि सोलमध्ये ते रात्री दहाला बंद करायचा नियम आहे. त्यामुळे बरोबर दहाला रस्त्यावर गाड्यांच्या दुहेरी रांगा, इंडिकेटर लुकलुकतायत, आणि मुलं पुस्तकांची चाकाची बॅग ओढत बाहेर येतायत. पहिल्यांदा मला वाटलं, सहलीहून आली.

शेजारणीचा मुलगा दुसऱ्यांदा ‘सुनुंग’ला बसत होता. ही नोव्हेंबरातली प्रवेश परीक्षा, सकाळी ८:४० पासून जवळजवळ संध्याकाळपर्यंत. योनसे पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. आदल्या दिवशी मी मोठ्या प्रेमाने मियॉकगुक करून नेलं. समुद्री शेवाळाचं सूप, तिनेच शिकवलेलं. तिने दार उघडलं, पातेल्यात पाहिलं आणि चेहराच उतरला. शेवाळ बुळबुळीत, त्यावरून पाय घसरतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर ते घरात आणतसुद्धा नाहीत! आपण नाही का, निघताना ‘कुठे चाललास’ विचारलं की चिडतो. पातेलं तसंच परत आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इंग्रजीच्या ऐकण्याच्या पेपरासाठी देशभरात विमानांची उड्डाणं थांबली होती, आणि मी घरात भांडंसुद्धा वाजू देत नव्हते. मुलाला योनसे मिळालं. नसतं मिळालं तर मला घर बदलावं लागलं असतं.

देजॉन, पीएचडी

स्कायचं कौतुक जरा जुनं झालं, आता मेडिकल. आमच्या लॅबमध्ये बीएसचा एक हुशार पोरगा मे महिन्यापासून दिसेनासा झाला. कळलं की ‘बानसू’ करतोय, म्हणजे इथली सीट सांभाळून गुपचूप पुन्हा सुनुंगची तयारी. २०२४ मध्ये सरकारने मेडिकलच्या २००० जागा वाढवायचं जाहीर केलं, तेव्हा नोकरी करणारेसुद्धा परत पुस्तकं काढून बसल्याचं ऐकलं. पोरगा डिसेंबरात लॅबमध्ये परत आला. कुणी काही विचारलं नाही.

चॉनान

कॉलेजच्या नावाचं जाकीट असतं, क्वाजाम. माझी रूममेट सोलला जाताना ते उलटं करून घालायची.

इंचॉन

जरा दुसरी बाजू. २०१७ पासून सरकारी संस्थांच्या भरतीत अर्जावर कॉलेजचं नाव लिहायचंच नाही, असा नियम आला. माझ्या नवऱ्याचा मित्र त्यातूनच लागला, जिल्ह्याच्या गावचा मुलगा. अर्थात पहिल्याच पार्टीत सीनियरने विचारलंच.

बुसान, सून

लग्न ठरताना सासूबाईंनी माझं कॉलेज विचारलं. मी सांगलीची बी.कॉम. नवऱ्याने सांगितलं. त्यांना काही बोध होईना. मग म्हणाल्या, “पण इंडियातली सोल नॅशनल कुठली?” नवरा गडबडला आणि बोलून गेला, “आयआयटी.” पुढचं दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. पण नंतर मावशा, आत्या, मंडईतली मासेवाली, सगळ्या मला जरा जास्तच वाकून नमस्कार करायला लागल्या. सात वर्षं झाली. सांगायचं कसं आणि कुठल्या तोंडाने? आता मुलगा पहिलीत आहे. गणितात दहापैकी चार मिळाले तेव्हा सासूबाई मला धीर देत होत्या, “राहू दे. बापावर गेलाय.”